आधी साधं पाणी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
१४ ऑक्टोबर २०२५

चि. नंदा,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. रुचिरा उचलते आणि आई झोपलीय म्हणून सांगते. सकाळी अकरा वाजता तू झोपलेली असतेस हे मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. म्हणून हे पत्र. शाळा सातवीत सुटली तरी अक्षर माझं अजून बरं आहे, वाचायला त्रास पडणार नाही.

झालं ते झालं, बाय. कोजागिरीच्या दुधाचं एवढं मनाला लावून घेऊन कोणी घराला कुलूप घालून लेकीकडे चेंबूरला जाऊन बसतं का? दूध ते दूधच. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात तापलेली गच्ची. नासायला काय लागतं? तुझ्या हाताला कोणी नाव ठेवत नाही. निदान मी तरी ठेवत नाही. मी विसरलो, तूही विसर.

उलट मी म्हणतो पेटी होती म्हणून निभावलं. दूध कुणाच्या पोटात गेलं नाही. पोरं प्यायली असती आणि काही झालं असतं तर तुलाच जन्मभर लागून राहिलं असतं.

ती पेटी काय आहे हे तुला नीट कधी सांगितलंच नाही, भांडणात राहून गेलं. आपली गार्गी पवईला ज्या कंपनीत जाते तिथे ती बनवतात. एक बोटभर काचेची पट्टी असते. तिच्यावर असं औषध लावलेलं असतं की पोट बिघडवणारा जंतू दुधापाण्यात असला तर तो तिथे चिकटून बसतो. मग पट्टी पेटीत सारायची आणि आत निळा उजेड लागतो. जंतू चिकटला असेल तिथे हिरवट चमक उठते, तुझ्यामाझ्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक, पण पेटीच्या डोळ्याला दिसते. चमक दिसली की लाल दिवा, नाही दिसली की हिरवा. लॅबवाले दोन दिवस घेतात ते काम चहा उकळेस्तोवर होतं. साध्या माणसांच्या हाती घरात ती कशी चालते ते बघायला कंपनीने काही घरांत दिली, आणि पोरीने आपल्या आजोबाचं नाव पुढे केलं. कारखान्याच्या टूलरूममध्ये हयात घालवलेला माणूस, नीट वापरेल म्हणून. तिने शिकवलं तसंच मी वापरलं.

गच्चीवर मी चार लोकांत बोललो ते जरा जास्त झालं असेल. तूही काही कमी बोलली नाहीस.

आता ये. पातेली एकदा सोडा घालून उकळून घे, म्हणजे मलाही लोकांना सांगता येईल की नंदाने सगळं स्वच्छ करून घेतलं. तुझी खिडकी बंद दिसते तर सकाळी खाली उतरावंसं वाटत नाही. तुझी वहिनी प्रेमा तुझ्या तुळशीला पाणी घालते आहे.

तुझा
मार्तंडदादा


१९ ऑक्टोबर २०२५

चि. नंदा,
आशीर्वाद.

रुचिराने प्रेमाला फोनवर सांगितलं ते प्रेमाने मला चहाबरोबर वाढलं. तू पत्र वाचलंस आणि फक्त सोड्याचं वाक्य जावयाला मोठ्याने दोनदा वाचून दाखवलंस. मला आधी राग आला. मग ते वाक्य मी स्वतःशी म्हणून पाहिलं. ते लिहायला नको होतं.

इथली बातमी बरी नाही, आणि ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. हर्षदने खाली फळ्यावर नोटीस लावली आहे. ९ नोव्हेंबरला रविवारी सोसायटीची सभा. विषय एकच: तळमजल्यावरून होणारी खाद्यपदार्थांची विक्री बंद करणे. तळमजल्यावर विकणारी तू एकटी, म्हणजे नाव न घेता तुझंच नाव. देवदत्तराव गेले तेव्हापासून त्या खिडकीवर तू घर चालवलंस हे त्याला माहीत नाही असं नाही. तो स्वतः लहानपणी त्या खिडकीशी उभा राहून घावणे खात होता. पण आता तो सेक्रेटरी आहे. मला जिन्यात गाठून म्हणाला, काका, तुमच्या पेटीमुळे आमचे डोळे उघडले. दुसऱ्या मजल्यावरच्या वसुधाला आता आठवलं की तिच्या मुलाचं पोट सप्टेंबरात बिघडलं होतं आणि त्या आठवड्यात तुझ्याकडची भाजी आली होती. आठवायला बसलं की माणसाला काहीही आठवतं.

लोक माझ्याकडे बाटल्या घेऊन येतात. कुणी टाकीचं पाणी आणतं, कुणी दही. मार्तंडकाका, जरा बघून द्या ना. मी सांगतो की पट्ट्या संपल्या.

पट्ट्या संपलेल्या नाहीत.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. गार्गीचा एक नियम आहे: काहीही तपासायच्या आधी साधं पाणी घालून बघायचं. हिरवा दिवा आला की मग खरी वस्तू. पेटी शुद्धीवर आहे ना, हे बघायला. कोजागिरीला गच्चीवर सगळे गोळा झाले होते, हर्षद मोबाइल धरून उभा होता, पोरं ग्लास वाजवत होती, त्यात माझ्याकडून ते राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घालून पाहिलं. लाल आलं. मी म्हटलं, टाकीचं पाणी असेल. टाकी साफ केलेली नाही हे तुलाही ठाऊक आहे.

एवढंच. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

प्रेमाने यंदा चकल्या केल्या नाहीत. विचारलं तर म्हणाली, भाजणी नंदाची असते.

मार्तंडदादा


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

नंदा,

आली नाहीस. येणार नाहीस हे माहीत होतं, तरी मी दाढी करून, नवा सदरा घालून बसलो. प्रेमाने पाट मांडला, रांगोळी काढली आणि दिवेलागणीपर्यंत तो तसाच ठेवला. मग पाट उचलताना म्हणाली, "पेटी आणून ठेवू का समोर?"

म्हणजे तिलाही ते शब्द विसरता आलेले नाहीत. पहिल्या पत्रात मी जरा जास्त बोललो असं लिहिलं होतं. काय बोललो ते लिहिलं नव्हतं. आज लिहितो. पहिल्यांदा लाल दिवा आला तेव्हा तू हसत होतीस. तुला वाटलं मी काहीतरी खटका चुकीचा दाबला. तू म्हणालीस, दादा, परत बघ. मी परत पाहिलं, परत लाल. तू म्हणालीस, अरे, मी आत्ता उतरवलंय ते चुलीवरून, हात लावून बघ, भाजतंय. एवढं उकळलेलं दूध, त्यात कुठला जंतू जिवंत राहील? हे तू बोललीस आणि ते बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं. पण लोक बघत होते. हर्षदचा मोबाइल चालू होता. मी म्हणालो, "माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलत नाही."

तू पदराने हात पुसलेस आणि म्हणालीस, "मग भाऊबीजेला यंत्राकडूनच ओवाळून घे."

दूध मोरीत ओतलं ते तूच ओतलंस. पातेलं उचलायला कोणी पुढे झालं नाही. मीही नाही.

आता मागच्या पत्रातलं उरलेलं लिहितो, नाहीतर दिवाळीचा फराळ घशाखाली उतरणार नाही. टाकीच्या पाण्याचं लाल आल्यावर मी खाली जाऊन वाण्याकडून पाण्याची सीलबंद बाटली आणली. तिचंही लाल. प्रेमा मागे उभी होती. तिने पाहिलं आणि ती भांडी घासायला निघून गेली. म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, तू रुचिराला फोन करून बॅग भरत होतीस त्या सकाळी, मला कळलं होतं की पेटीच भ्रमिष्ट झाली आहे. दुधात काही नव्हतं. मी तीन जिने उतरून तुझ्या दाराशी येऊ शकलो असतो. मी दार लावून बसलो आणि तुझी रिक्षा गेल्याचा आवाज ऐकला.

आणि त्यानंतर तुला आशीर्वादाचं पत्र लिहिलं, मी विसरलो तूही विसर म्हणून. सोडा घाल म्हणून.

टूलरूममध्ये नवीन पोरगा आला की मी त्याला पहिला धडा व्हर्नियरचा देत असे. माप घेण्याआधी जबडे बंद करून शून्य शून्यावर येतं का बघ. शून्य चुकलेलं असेल तर पुढचं सगळं चुकलेलं. कुणी विसरलं तर मी चार लोकांत त्याची लाज काढत असे. फार चवीने काढत असे.

गार्गी पाडव्याला येऊन पेटी घेऊन गेली, चाचणीची मुदत संपली म्हणून. द्यायच्या आधी मी ती आतून कापसाने पुसून चकचकीत केली. का पुसली, ते मी स्वतःलाच अजून विचारलेलं नाही.

मार्तंड


१ नोव्हेंबर २०२५

नंदा,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितो आहे ते तसंच जाईल.

सोमवारी गार्गीचा फोन आला. आवाजात हसू मावत नव्हतं. म्हणाली, आबा, खरं सांगा, तुम्ही पेटीला हळद लावली होती का?

लावली होती. दसऱ्याला. तुला माहीत आहे, आपल्याकडे खंडेनवमी-दसऱ्याला अवजारं पुजल्याशिवाय बाबा जेवत नसत. मिलमध्ये बाबा मागाला हळदकुंकू वाहायचे, मी कारखान्यात लेथला वाहायचो. आता लेथ नाही. म्हणून व्हर्नियर, कानशी, हातोडी मांडली, त्यांच्यात ही पेटी ठेवली. आणि यंत्राची पूजा वरच्या पत्र्याची करत नाहीत, जिथे काम होतं तिथे करतात. लेथला आम्ही चकपाशी, काम पकडतो तिथे, टिळा लावायचो. तसं मी पेटीचं झाकण उघडलं आणि आत पट्टी बसते त्या काचेच्या कडेला ओल्या हळदीचं बोट लावलं. संध्याकाळी पुसलं. काच स्वच्छ दिसली.

कुंकू काही करत नाही. हळद करते. निळा उजेड पडला की हळद स्वतःच हिरवट चमकते. पेटी बिचारी खरंच बोलत होती: चमक आहे, चमक आहे. चमक कसली आहे हे तिला कुठून कळणार? दुधाची काही चूक नाही, तशी तिचीही नाही.

बुधवारी मला पवईला बोलावलं. गाडी पाठवली होती. तळ्यासमोरची काचेची इमारत, गार गार हवा, पोरंपोरी सगळी गार्गीच्या वयाची. एका अंधाऱ्या खोलीत त्यांनी माझी पेटी उघडून ठेवली होती आणि वरून निळा दिवा सोडला. काचेच्या कडेच्या खाचेत, जिथे माझा कापूस पोचला नव्हता तिथे, माझ्या बोटाचा ठसा उमटलेला होता. सगळ्या रेषा दिसत होत्या. हिरवा पेटलेला. पोरं वा वा करत होती आणि मला पोलीस ठाण्यात उभं केल्यासारखं वाटत होतं.

मग त्यांच्या मोठ्या साहेबांनी भाषण केलं. म्हणाले, या देशात एकही स्वयंपाकघर असं नाही जिथे बोटाला हळद नाही, आणि आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. आता पेटीला आणखी एक डोळा बसवणार आहेत, फक्त हळद ओळखणारा. शिवाय आधी साधं पाणी घातल्याशिवाय पेटी चालूच होणार नाही. मार्तंडआबांमुळे हे उघडकीला आलं, हजारो पेट्या चुकीच्या बाहेर गेल्या असत्या. टाळ्या वाजवल्या, नंदा. फुलांचा गुच्छ दिला. चहाबरोबर काजूकतली होती.

मला तो चहा गोड लागला, हेही लिहितो. नाही लागला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मग एका मुलीने वही उघडून विचारलं, त्या दिवशी दूध कुणी बनवलं होतं? त्यात हळद होती का? मी म्हणालो नाही. जायफळ, चारोळी, केशर. कुणी बनवलं होतं?

मी म्हणालो, "बिल्डिंगमधल्या एका बाईने."

गार्गी समोरच बसली होती. तिला दुधाचं माहीत होतं, तुझं माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं, आणि प्रेमाने ते माझ्यावर सोडलं होतं. माझी बहीण म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग ताईंना काय वाटलं, ताई कुठे आहेत. म्हणून एक बाई. आई गेली तेव्हा तू एवढीशी होतीस, तुझी वेणी मी घालायचो, वाकडी घालायचो आणि तू तशीच शाळेत जायचीस. आणि काजूकतली खात बसलो असताना तू एक बाई झालीस.

घरी आलो तर गुच्छ बघून हर्षद खालीच थांबला. काका, सत्कार? मी म्हटलं, हो, चाचणीबद्दल. तो म्हणाला, मग तर झकासच. सभेत ठरावाला अनुमोदन तुम्हीच द्या. मला समजावून सांगायला लागला की तुम्ही सख्खे भाऊ, तुम्ही हात वर केलात तर कुणाला म्हणता येणार नाही की आम्ही आकसाने केलं.

मी बघू म्हणालो. एवढंच म्हणालो. नाही म्हणालो नाही. जिना चढताना गुच्छ लपवायला जागा शोधत होतो.

प्रेमाने तो घेतला, पाण्यात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही आता कुणाकुणाला तोंड दाखवणार आहात, ते एकदा ठरवा. दोन तोंडांचा स्वयंपाक मला जमणार नाही."

सभा पुढच्या रविवारी आहे. तुला ये म्हणत नाही. तू तिथे बसलेली असलीस तर मला बोलता येणार नाही, आणि तुला ते बघायला लावणं हाही एक छळच.

मार्तंड


९ नोव्हेंबर २०२५, रविवार संध्याकाळ

नंदा,

रुचिराने कदाचित सांगितलं असेल. सांगितलं असलं तरी माझ्याकडून ऐक. लोक माझी बाजू जरा गोड करून सांगतील, ते नको.

शनिवारी गार्गीला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. गच्ची, सीलबंद बाटली, तुझी रिक्षा. ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "आबा, ती एक बाई म्हणजे नंदाआजी?" मी मान हलवली. पोरीने माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचा बाप दहावीत नापास झाला तेव्हा मी त्याच्याकडे जसं पाहिलं नव्हतं, तसंच. रविवारी ती एक चांगली पेटी घेऊन आली आणि माझ्या शेजारी न बसता आजीशेजारी बसली.

सभा खालीच होती, मीटरच्या खोलीसमोर खुर्च्या टाकून. हर्षदने ठराव वाचला. शब्द चांगले होते, आरोग्य, लहान मुलं, जबाबदारी. मग म्हणाला, अनुमोदन मार्तंडकाका देतील. मी उठलो आणि म्हटलं, आधी पाच मिनिटं द्या.

पेटीत साधं पाणी घातलं. हिरवा दिवा. सगळ्यांना फिरवून दाखवला. मग प्रेमाने आणलेल्या वाटीतल्या ओल्या हळदीत बोट बुडवलं, काचेच्या कडेला लावलं, फडक्याने पुसलं, आणि तेच पाणी, तीच बाटली. लाल. कुणीतरी मागून म्हणालं, अरे, वाट लागली. पोरं हसली. मी सांगितलं की दसऱ्याला मी हेच केलं होतं आणि कोजागिरीला नंदाच्या दुधाचं लाल आलं ते या हळदीचं. दूध चांगलं होतं. तिने सांगितलं होतं की उकळतं आहे, मी ऐकलं नाही.

इथपर्यंत सोपं गेलं. लोक माना डोलवत होते, चूक होते माणसाच्या हातून, काकांनी मोठ्या मनाने सांगितलं वगैरे. मला वाटलं, झालं, सुटलो. खाली बसणारच होतो.

तेव्हा वसुधा म्हणाली, "पण काका, साधं पाणी आधी घालतात ना? मग तुम्हाला हे कळलं कधी?"

ती सहज विचारत होती. मी बसलो असतो आणि परवा पवईला कळलं म्हणालो असतो, तरी ते अर्धं खरंच होतं. प्रेमा तोंडाला पदर लावून बसली होती.

मी म्हणालो, "दुसऱ्या दिवशी सकाळी. नंदा घर सोडून जायच्या आधी."

मग हर्षद हळूच म्हणाला, म्हणजे महिनाभर तुम्ही गप्प होता? मी हो म्हणालो. त्याने विचारलं, मी नोटीस लावली तेव्हाही? हो. मी अनुमोदन मागितलं तेव्हाही? तेव्हाही. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याचीच कीव आली. त्याला मी फसवलं होतं, आणि तुझ्याविरुद्ध त्याला उभं केलं होतं. तो म्हणाला, काका, मी तिच्या हातचं खाऊन मोठा झालो. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

ठराव त्याने तिथेच फाडला. वसुधाच्या नवऱ्याने हळूच कबूल केलं की सप्टेंबरात पोराला त्यानेच स्टेशनबाहेर पाणीपुरी खायला घातली होती आणि घरी सांगितलं नव्हतं. वसुधाने त्याच्याकडे जे पाहिलं ते बघून थोडे लोक हसले, आणि सभा मोडली. जाताना कुणी माझ्याशी बोललं नाही. पूर्वी कुणी ना कुणी खुर्ची उचलून देत असे. आज माझी मीच वर नेली.

तर तुझी खिडकी तुझी आहे. ठराव नाही, नोटीस नाही, कुणी आडवं येणार नाही. हर्षद स्वतः चेंबूरला यायचं म्हणत होता. त्याला ये म्हण. त्याची चूक नाही.

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं. ते खोडलं. ते मागितलं की तुझ्यावरच पुन्हा एक काम येतं, आणि तुला कामं कमी नाहीत. मी फक्त एवढं सांगतो की तुला सगळ्यांसमोर बोललो होतो, तसंच हेही सगळ्यांसमोर बोललो.

गार्गीने कंपनीच्या वहीतलं ते वाक्य बदलून घेतलं. आता तिथे तुझं पूर्ण नाव आहे.

मार्तंड


२१ नोव्हेंबर २०२५

नंदा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, प्रेमाबरोबर खाली पाठवतो. तीन जिन्यांसाठी तिकीट लावायचं म्हणजे जरा विचित्रच.

तू सोमवारी आलीस ते मला आवाजावरून कळलं. आधी कुलूप, मग खिडकीचा पत्रा वर गेला, मग तव्यावर पाणी मारल्याचा आवाज. मी गॅलरीत आलो नाही. तू वर बघितलं असतंस तर तुला मी दिसलो असतो, आणि पहिल्याच दिवशी तुला तो त्रास नको.

काल खाली उतरलो. खिडकीशी लाइन होती. वसुधाचा मुलगा, बँकेतली दोन माणसं, हर्षद होता, तो मला बघून बाजूला झाला पण मी त्याच्या पुढे गेलो नाही. लाइनीत उभा राहिलो. तू प्रत्येकाला नावाने विचारत होतीस, कुणाच्या आईचा गुडघा, कुणाची परीक्षा. माझा नंबर आला. तू डोकं वर केलंस, माझ्याकडे नीट पाहिलंस, आणि इतर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना विचारतेस तसं विचारलंस, "काय देऊ, काका?"

मी म्हणालो, "दोन घावणे."

तू कागदात बांधून दिलेस. चटणी दिलीस, ती सगळ्यांना देतेस तेवढीच. मागे माणसं होती म्हणून मी लगेच बाजूला झालो.

घावणे गरम होते. उद्या सकाळीही येईन. लाइनीतच.

मार्तंड